वांचविणें, वाढविणें आणि परत सोडणें

सोलापूर शहरांतून बार्शीच्या वाटेला लागलें, कीं सुमारें वीस-बावीस किलोमीटरांवर नान्नज हें गांव येतें. गांवाभोंवतीं पसरलेला माळ प्रथमदर्शनीं कोणाच्या डोळ्यांत भरावा असा नाहीं. मुरमाड जमीन, गुडघ्याएवढें गवत, अधूनमधून बोरी-बाभळींचीं खुरटीं झाडें आणि वर मोकळें आभाळ. 'पडीक' हा एकच शब्द वापरून आपण अशा जमिनीचें वर्णन संपवितों. परंतु ज्या भूमीला माणसानें पडीक म्हटलें, तीच एका थोर पक्ष्याची पिढीजाद वतनवाडी होती. तो पक्षी म्हणजे माळढोक. आज त्याचा वंश टिकविण्यासाठीं देशांत मोठा खटाटोप चालला आहे. त्या खटाटोपाचें स्वरूप काय, त्यांत यश कोठें आहे आणि अडचण कोठें आहे, हें सोलापूरकरांनीं तरी नीट समजून घेतलें पाहिजे.

प्रथम या पक्ष्याची ओळख करून घेऊं. जगांत उडूं शकणारे जे अतिशय वजनदार पक्षी आहेत, त्यांत माळढोकाची गणना होते. नर उभा राहिला म्हणजे त्याची उंची सुमारें एक मीटर भरते आणि वजन पंधरा किलोच्या आसपास जाऊं शकतें. मादी वजनानें जवळजवळ त्याच्या निम्मीच असते. माथ्यावर काळी टोपी, मान पांढुरकी, पाठ तपकिरी आणि नराच्या छातीवर काळा पट्टा, असें त्याचें रूप आहे. पावसाळा आला कीं नर माळावरील एखादी उंचवट्याची जागा धरतो, गळ्याखालची पिशवी फुगवितो, शेपटी उभारतो आणि घुमूं लागतो. तो घुमण्याचा आवाज शांत माळावर दूरवर ऐकूं जातो. मादी घरटें म्हणून कांहीं बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर ती बहुधा एकच अंडें घालते, सुमारें २७ दिवस तें एकटीच उबविते आणि पिल्लाचें संगोपनहि एकटीच करते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरें आणि पडलेलें धान्य हें या पक्ष्याचें अन्न. म्हणजे शेतकऱ्याचें त्यानें नुकसान केलें त्यापेक्षां उपकारच अधिक केले.

या वर्णनांतच त्याच्या संकटाचें मूळ आहे. जो पक्षी वर्षाकांठीं एखादेंच अंडें घालतो, आणि तेंहि उघड्यावर, त्याला शांत, मोकळा आणि विस्तीर्ण माळ लाभला तरच त्याचा वंश चालतो. एक कुत्रा, एक नांगर किंवा गुरांचा एक कळप त्या अंड्यावरून गेला, कीं मादीचा सारा हंगाम वायां जाण्याचा संभव असतो. चिमणी किंवा कबुतर यांची हानि थोड्या महिन्यांत भरून निघते. माळढोकाची हानि भरून निघण्यास वर्षें लागतात.

नान्नजच्या माळढोकांकडे जाणत्यांचें लक्ष वेधण्याचें श्रेय सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांच्याकडे जातें. १९७० नंतरच्या दशकांत अवर्षणप्रवण क्षेत्रांच्या कार्यक्रमाखालीं येथें कांहीं गवताळ पट्टे कुंपण घालून राखले गेले. गुरें आंत शिरेनाशीं झालीं, गवत वाढलें, आणि पक्ष्यांना आसरा मिळाला. पुढें १९७९ सालीं सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य घोषित झालें. त्याचा विस्तार जवळजवळ ८५०० चौरस किलोमीटर होता. इतक्या मोठ्या क्षेत्रांत अर्थातच शेकडों गांवें आणि लोकांच्या मालकीच्या जमिनी आल्या. कागदावर अभयारण्य आणि जागेवर ज्वारीचीं शेतें, अशी ती स्थिति होती. जमिनीचे व्यवहार आणि बांधकामें यांवर बंधनें आल्यामुळें लोकांत असंतोष वाढला आणि तो अवाजवी होता असें म्हणतां येणार नाहीं. अखेर २०१० नंतरच्या काळांत हें क्षेत्र कमी करून सुमारें १२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें.

दरम्यान माळाचें रूपच पालटत चाललें होतें. उजनीच्या धरणानें भीमेचें पाणी अडविलें आणि जेथें पूर्वी ज्वारी, करडई व भुईमूग यांचीं कोरडवाहू शेतें होतीं, तेथें ठिकठिकाणीं ऊस उभा राहिला. ज्वारीच्या कापल्या शेतांत माळढोक सुखानें चरे. उसाच्या दाट फडांत त्याला पाऊल टाकतां येत नाहीं. उरल्या माळावर वनीकरणाच्या हेतूनें झाडें लावण्यांत आलीं. हेतु चांगला, पण गवताच्या भूमीवर दाट झाडी लावणें म्हणजे माशाला सावलीसाठीं कांठावर काढून ठेवण्यासारखें आहे. शिवाय आभाळांत विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळें समोरचें त्याला फार थोडें दिसतें. तार दिसते तेव्हां ती अगदीं जवळ आलेली असते, आणि एवढें जड शरीर एकाएकीं वळवितां येत नाहीं. या सर्व कारणांचा परिणाम असा झाला, कीं नान्नजला आतां एखाद-दुसऱ्या माळढोकाचें दर्शन झालें तरी ती वर्तमानपत्रांतली बातमी होते. साऱ्या जगांत मिळून मुक्त माळढोकांची संख्या दीडशेंच्या आंत असल्याचा जाणकारांचा अंदाज आहे आणि त्यांतील बहुतेक राजस्थानांत, जैसलमेरच्या बाजूला आहेत.

अशा वेळीं सामान्य माणसाच्या मनांत एक सरळ प्रश्न येतो. कोंबड्या पाळतात, मोर पाळतात. तसे माळढोक एखाद्या राखीव आवारांत पाळून त्यांची संख्या कां वाढवूं नये? हा प्रश्न मुळींच हास्यास्पद नाहीं. जगांत असे प्रयत्न झाले आहेत आणि कांहीं सफलहि झाले आहेत. मात्र त्यांचा विचार करतांना तीन निरनिराळीं कामें एकमेकांपासून वेगळीं ओळखलीं पाहिजेत. संकटांत सांपडलेला प्राणी वांचविणें हें पहिलें काम. बंदिस्त जागेंत त्याचा वंश वाढविणें हें दुसरें. आणि वाढलेला वंश पुन्हां त्याच्या मूळ भूमींत नेऊन सोडणें हें तिसरें. ज्याला पहिलें साधलें त्याला दुसरें साधेलच असें नाहीं, आणि दुसरें साधल्यानें तिसरें आपोआप होत नाहीं.

पहिल्या कामाचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील भामरागडजवळ हेमलकसा येथें १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे हे तेथें माडिया गोंड लोकांच्या औषधपाण्यासाठीं गेले. तेथील लोक पोटासाठीं शिकार करीत. एकदां शिकारी एक मारलेली वानरी घेऊन जात असतां तिचें जिवंत पिल्लूं तिला बिलगलेलें डॉ. आमटे यांना दिसलें. त्यांनीं तें मागून घेतलें आणि त्याच्या बदल्यांत अन्नधान्य देऊं केलें. तेव्हांपासून शिकारींत अनाथ झालेलीं बिबटे, अस्वलें, हरणें यांचीं पिल्लें लोक स्वतःच आणून देऊं लागले आणि तेथें प्राण्यांचें एक अनाथालयच उभें राहिलें. खाजगी प्रयत्नांतून काय होऊं शकतें याचा हा नमुना आहे. त्यानें शेंकडों जीव तर वांचलेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, कीं शिकार करणाऱ्या हातांनाच पिल्लूं आणून देण्याची संवय लागली.

परंतु माणसाच्या हातून दूध प्यालेलें बिबट्याचें पिल्लूं मोठें झालें म्हणजे त्याला रानांत सोडतां येतें काय? बहुधा येत नाहीं. शिकार कशी करावी हें त्याला आईनें शिकविलेलें नसतें, आणि माणसाचें भय तर त्याला उरलेलेंच नसतें. तें गांवाकडेच वळणार आणि तेथें त्याचा किंवा कोणाचा तरी घात होणार. म्हणून असे प्राणी जन्मभर सांभाळावे लागतात. तो सांभाळ म्हणजे दया आहे आणि दयेची योग्यता कमी नाहीं. पण त्यानें रानांतला वंश वाढत नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. याच कारणास्तव वन्य प्राणी परस्पर घरीं पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई केली आहे. पिल्लूं एकटें दिसलें म्हणजे तें अनाथच असतें असें नव्हे. पुष्कळदां आई जवळपासच दडून बसलेली असते.

आतां दुसरें काम. यांत खाजगी आवारांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. चीन देशांत मिलू नांवाचें एक हरिण होतें. रानांतून तें फार पूर्वीच नाहीसें झालें होतें आणि पेकिंगजवळच्या बादशाही शिकारखान्यांत तेवढा त्याचा एक कळप उरला होता. १८६५ सालीं आर्मां दाव्हिद या फ्रेंच पाद्र्यानें तें पाहून त्याची माहिती युरोपांत पोंचविली, आणि पाठोपाठ कांहीं हरणें तिकडच्या प्राणिसंग्रहालयांत गेलीं. पुढें महापुरानें शिकारखान्याची भिंत फुटली, नंतर १९०० सालच्या दंगलींत उरलीसुरलीं हरणें मारलीं गेलीं, आणि चीनमध्यें मिलू संपलें. त्या सुमारास इंग्लंडांतील बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकनें निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांतून अठरा मिलू गोळा करून आपल्या वोबर्न येथील खाजगी उपवनांत ठेविलीं. आज जगांत जितकीं मिलू आहेत तीं सारीं त्या मूठभर हरणांची संतति होय. १९८५ सालीं वोबर्नहून एक कळप चीनला परत गेला, आणि तोहि पेकिंगजवळच्या त्याच जुन्या शिकारखान्याच्या जागेवर. एका श्रीमंताच्या छंदानें एक समग्र जाति मृत्यूच्या दारांतून परत आणली असें म्हणावयास हरकत नाहीं.

माळढोकासाठीं असाच प्रयत्न आपल्याकडे २०१९ पासून चालूं आहे. तो मात्र खाजगी नाहीं. केंद्र सरकार, राजस्थानचें वनखातें आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनीं मिळून जैसलमेर जिल्ह्यांत सम आणि रामदेवरा येथें संवर्धन केंद्रें चालविलीं आहेत. होबारा नांवाच्या माळढोकाच्याच जातभाईची पैदास अबुधाबी येथील संस्थेनें मोठ्या प्रमाणावर केली आहे. त्या अनुभवाचाहि येथें उपयोग झाला. माळावर घातलेलीं अंडीं काळजीपूर्वक उचलून आणावयाचीं, यंत्राच्या उबेंत तीं फोडवावयाचीं आणि पिल्लें हातानें भरवून वाढवावयाचीं, असा हा क्रम आहे. अंडें उचलणें ही चोरी नव्हे काय, अशी शंका येईल. परंतु माळावरील पुष्कळ अंडीं कोल्हे, कुत्रे आणि कावळे यांच्या तोंडीं पडतात, आणि हंगामाच्या आरंभीं अंडें गेलें तर मादी पुन्हां अंडें घालूं शकते. म्हणून विचारपूर्वक उचललेलें अंडें हें जाणाऱ्यांतून वांचविलेलें असतें. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत या केंद्रांत कृत्रिम रेतनापासून पहिलें पिल्लूं जन्माला आलें. रामदेवरा येथील नराचें बीज समच्या मादीपर्यंत पोंचवून हें साधलें. इतक्या भित्र्या आणि मोकळ्या रानाच्या पक्ष्याच्या बाबतींत ही सामान्य सिद्धि नव्हे.

येथवर सारें ऐकून मनाला हायसें वाटतें. परंतु खरी कसोटी तिसऱ्या कामांत आहे. येथेंच अरबस्तानच्या पांढऱ्या ओरिक्स हरणाची हकीकत सांगितली पाहिजे. बंदुका आणि मोटारी यांच्यापुढें या हरणाचा टिकाव लागेना, तेव्हां १९६० नंतर थोडीं हरणें अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत नेऊन तेथें त्यांचा कळप वाढविण्यांत आला. १९७२ सालीं रानांतलें शेवटचें ओरिक्स मारलें गेलें. दहा वर्षांनीं, १९८२ सालीं, वाढविलेल्या कळपांतील हरणें ओमानच्या वाळवंटांत परत सोडलीं. १९९६ पर्यंत त्यांची संख्या सुमारें ४५० झाली आणि सारें जग कौतुक करूं लागलें. त्यानंतर पुन्हां चोरटी शिकार आणि पकड सुरू झाली. थोड्याच वर्षांत ४५० चीं ६५ उरलीं. पुढें तेथील अभयारण्याचें क्षेत्र नव्वद टक्क्यांनीं घटविण्यांत आलें, आणि २००७ सालीं जागतिक वारसास्थळांच्या यादींतून तें काढून टाकण्याची नामुष्कीहि ओढवली. जात वांचली, कारण ती अन्यत्र राखून ठेवलेली होती. पण ज्या भूमीवर ती परत गेली त्या भूमीनें तिला सांभाळलें नाहीं.

याउलट रशियन साम्राज्याच्या दक्षिणेस, आजच्या युक्रेनमध्यें, आस्कानिया-नोव्हा येथें फ्रीडरिख फाल्ट्स-फाइन नांवाच्या जमीनदारानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेली गोष्ट पाहा. त्यानें रानटी घोडे आणि नाना देशींचे प्राणी आणून पाळले हें खरें. पण त्याचबरोबर आपल्या जमिनीपैकीं कधींहि न नांगरलेल्या गवताचा एक मोठा तुकडा त्यानें तसाच राखून ठेविला. सभोंवारचे शेजारी गव्हासाठीं माळ मोडीत असतां त्याला गवत हेंच धन वाटलें. प्राण्याइतकीच त्याची भूमि मोलाची, हें ज्यांना लवकर उमगलें त्यांत त्याची गणना केली पाहिजे.

आपल्या देशांतील गिधाडांचें उदाहरणहि हाच धडा शिकवितें. गुरांना देण्यांत येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांत राहतो, आणि तें मांस खाऊन गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मरूं लागलीं. हरियाणांत पिंजोर येथें त्यांच्या पैदाशीचें केंद्र निघालें. परंतु नुसतें केंद्र काढून भागलें नाहीं. २००६ सालीं जनावरांसाठीं त्या औषधाच्या वापरावर बंदी घालावी लागली. मरणाचें कारण दूर करण्याचा यत्न अगोदर झाला, म्हणूनच पैदास केलेलीं गिधाडें बाहेर आणण्यास कांहीं अर्थ राहिला. २०२४ च्या जानेवारींत तेथील कांहीं गिधाडें महाराष्ट्रांतील ताडोबा आणि पेंच येथें आणण्यांत आलीं. प्रथम मोठ्या जाळीदार घरांत ठेवून त्यांना तेथल्या हवेची संवय करावयाची आणि मग दार उघडावयाचें, अशी ही रीत आहे. परत सोडणें हें पिंजऱ्याचें दार उघडण्याइतकें सोपें नसतें. त्यानंतरहि कित्येक वर्षें त्या प्राण्यांवर नजर ठेवावी लागते.

सोलापूर भागांतील शेतकऱ्यास हें सारें एका दृष्टांतानें चटकन पटेल. मालदांडी ज्वारीचें निवडक बियाणें तो वेगळें काढतो, राख लावून जपून ठेवतो, घरांत टंचाई असली तरी दळून खात नाहीं. हें बियाणें म्हणजे संवर्धन केंद्रांतले माळढोक होत. पण मृग आणि हस्त येऊन गेले आणि पेरावयास शेतच राहिलें नाहीं, तर कणगींतल्या बियाण्याचें काय होणार? तें कांहीं काळ टिकेल, मग त्याची उगवणशक्ति जाईल आणि शेवटीं किडे खातील. बंदिस्त प्राण्यांचेंहि असेंच होतें. मोजक्या आईबापांपासून वाढलेला वंश पिढ्यान् पिढ्या कोंडून ठेविला, तर रक्ताच्या नात्यांत संबंध होऊन तो दुबळा होतो. शत्रूची भीति, चाऱ्याची निवड, ऋतूंप्रमाणें करावयाची वाटचाल, हें सर्व ज्ञानहि हळूहळू पुसून जातें. म्हणून बंदिस्त पैदाशीला मुदत असते. त्या मुदतींत शेत तयार ठेवावें लागतें.

हें शेत तयार ठेवणें म्हणजे काय, तेंहि नीट सांगितलें पाहिजे. जो माळ अद्याप शिल्लक आहे त्यावर नांगर अथवा दाट झाडी येऊं नये. गुरांनीं चरावें, पण पाळीपाळीनें, आणि पावसाळ्यांतील विणीच्या दिवसांत कांहीं पट्टे पूर्ण मोकळे ठेवावे. गांवांतील मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त व्हावा. माळावरील विजेच्या तारा जमिनीखालून न्याव्या, आणि जेथें तें शक्य नाहीं तेथें पक्ष्यांना दुरून दिसतील अशा फिरत्या खुणा तारांवर लावाव्या. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं राजस्थान व गुजरातमधील अशा तारांसंबंधीं आदेश दिला होता, आणि तो सर्वत्र अमलांत आणणें कठीण आहे असें दिसल्यावर २०२४ सालीं त्याचा फेरविचार करून तज्ज्ञांची समिति नेमली. यावरून प्रश्नाची अवघडता ध्यानांत येईल. विजेची गरज खोटी नाहीं आणि पक्ष्याचें मरणहि खोटें नाहीं.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे या कामांत माळाचा शेतकरी हा आरोपी न ठरतां भागीदार ठरला पाहिजे. १९७९ च्या अभयारण्याचा अनुभव हेंच सांगतो. नकाशावर मोठी रेघ ओढून आणि लोकांवर बंधनें लादून पक्षी टिकला नाहीं. जो टिकला तो कुंपण घालून प्रत्यक्ष राखलेल्या लहान लहान गवती पट्ट्यांत टिकला. एखाद्या शेतकऱ्यानें कोरडवाहू ज्वारी, करडई कायम ठेविली, बांधालगतचें गवत राखलें, अंडें दिसल्यास तेवढी जागा सोडून वनखात्यास कळविलें, तर त्याचा होणारा तोटा समाजानें भरून दिला पाहिजे. एकट्यानें सोसावें आणि सर्वांनीं श्रेय घ्यावें, हा न्याय नव्हे.

माळ राखल्यानें केवळ माळढोकाचेंच भलें होईल असेंहि नाहीं. नान्नजच्या त्याच गवतांत काळवीट चरतात, लांडगे आणि खोकडें वावरतात, चंडोल आकाशांत चढून गातात, आणि धाविक व भाट तित्तर यांचीं पिल्लें धुळींत लपतात. पावसाचें पाणी गवतामुळेंच मुरमांत जिरतें आणि खालच्या विहिरींना लागतें. सोलापूरसारख्या अवर्षणाच्या मुलखांत हा लाभ लहान मानतां येणार नाहीं.

माळढोक उद्यां नान्नजला परत येईल असें आश्वासन कोणीहि देऊं शकत नाहीं. जैसलमेरच्या केंद्रांत वाढलेल्या पक्ष्यांना प्रथम राजस्थानचाच माळ पुन्हां भरावा लागेल, आणि त्यास वर्षें लागतील. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. त्या पक्ष्यांसाठीं नव्या वसतिस्थानाचा शोध सुरू होईल तेव्हां नान्नजचा माळ गवतानें उभा असला, तर सोलापूरचें नांव त्यांत निघेल. ऊस, झाडी आणि तारा यांनीं तो भरून गेलेला असला, तर निघणार नाहीं. तज्ज्ञांनीं बियाणें राखण्याचें काम अंगावर घेतलें आहे. शेत राखण्याचें काम मात्र जेथलें शेत तेथल्याच माणसांना करावें लागतें.